बोटांच्या फटीतून

मी डोळ्यांच्या दवाखान्यातली एक जुनी पळी आहे, मित्रांनो. स्वयंपाकघरातली नव्हे, डोळा झाकायची. वीतभर दांडा, एका टोकाला काळी गोल चकती, दुसऱ्या टोकाला बारीक छिद्रांची. एक डोळा माझ्यामागे झाकायचा आणि दुसऱ्याने समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायची, एवढंच माझं काम. एका सकाळी ते मला करू दिलं गेलं नाही. तेव्हापासून मी रागावलेली आहे.

कारखान्यात साच्यातून निघाले तेव्हा माझी किंमत विचारण्यासारखीही नव्हती. पण आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला पंधरा वर्षं जपलं. मोतीबिंदू पिकलेले आजोबा, काचबिंदूचे थेंब घालायला विसरणाऱ्या आजी, सगळे माझ्यामागे एकेक डोळा झाकून बसले. "खोल्या भरून यंत्रं आहेत," बाई म्हणायच्या, "पण लबाडी पकडते ती हीच." ते ऐकून मी फुशारून जायचे.

दवाखान्यातले एक काका दरवर्षी शाळेत डोळे तपासायला जात. त्या वर्षी त्यांनी तक्ता घेतला, कार्डं घेतली आणि मला पिशवीच्या तळाशी टाकलं. प्रत्येक मुलानंतर मला पुसावं लागतं, आणि मुलं होती एकशे चाळीस.

"हातानेच झाका रे! चला, गाडी पुढे!" काका ओरडत होते.

रांगेत पाच वर्षांची एक मुलगी होती. घरी तिला बिट्टी म्हणत. डावा डोळा तपासताना तिने उजव्यावर तळहात ठेवला आणि बोटं किंचित फाकवली. उजव्या डोळ्याने, त्या फटीतून, सगळा तक्ता धडाधड वाचला.

"एक नंबर! पुढची!"

कार्डावर शिक्का बसला. दोन्ही डोळे उत्तम. पिशवीच्या तळाशी पडून, तिच्या उघड्या तोंडातून मी हे सगळं बघत होते. मला हात असते तर ते कार्ड मी फाडलं असतं.

तीन वर्षांनी बिट्टीच्या उजव्या डोळ्याला खेळताना काडी लागली. घरी त्यावर पट्टी बांधली, तर पोर उठून थेट दाराच्या चौकटीवर आदळली. आई घाबरून तिला दवाखान्यात घेऊन आली. जखम किरकोळ निघाली. ती भरल्यावर बाईंनी तिला पुन्हा बोलावलं आणि उजव्या डोळ्यावर मला धरलं. बिट्टीने हळूच मान तिरकी केली.

"चोरून नाही बघायचं. सरळ बस, बाळा. सगळ्यात वरचं अक्षर सांग."

"तिथे अक्षर आहे?"

बाईंनी उजव्या डोळ्यावर पट्टी चिकटवली, मला उलटं केलं आणि डाव्या डोळ्यासमोर माझी छिद्रं धरली. नुसत्या चष्म्याच्या नंबराचा प्रश्न असता, तर छिद्रांतून बरंच स्पष्ट दिसलं असतं. फारसा फरक पडला नाही.

"डॉक्टरमावशी," बिट्टी म्हणाली, "सगळ्यांचं असंच असतं ना? उजवा डोळा बघायला आणि डावा शोभेला?"

बाईंनी आईला समजावलं. डाव्या डोळ्याला लहानपणापासूनच मोठा नंबर होता. त्यातून चित्र धूसर येत राहिलं आणि मेंदूने त्या डोळ्याकडे लक्ष देणं सोडलं. याला आळशी डोळा म्हणतात. उपाय म्हणजे चष्मा, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आळशाला काम करावंच लागतं. वय जितकं लहान, तितका गुण लवकर.

"अहो, पण शाळेत तपासलं होतं की! कार्ड जपून ठेवलंय मी!" आईचा आवाज चढला होता.

बाईंनी काकांना आत बोलावलं.

"मॅडम, एकशे चाळीस पोरं होती. पळी पुसत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती. आणि पोरं काय, बोटांतून बघतातच."

"बघतात हे तुम्हाला माहीत होतं?"

काका मला उचलून पुसू लागले. मला त्यांची दया आली नाही. अजूनही येत नाही.

बिट्टीने वर्षभर पट्टी लावली. वर्गात मुलं तिला 'समुद्री डाकू' म्हणत. ती रडे, पण पट्टी काढत नसे. वर्षाने बाईंनी पुन्हा मला तिच्या उजव्या डोळ्यावर धरलं. मान सरळ ठेवून तिने चार ओळी वाचल्या. आईने टाळ्या वाजवल्या. पण तक्त्यावर सात ओळी आहेत, मित्रांनो. उरलेल्या तीन येतील की नाही, हे बाईंनाही सांगता येत नाही.

म्हणून नीट ऐका. कोणी 'हातानेच झाक' म्हणालं, तर मोठ्याने सांगा, 'पळी द्या.' उद्धट म्हणाले तर म्हणू देत. आणि एका डोळ्याने दिसत नसेल, तर तोंड उघडून सांगा, 'मला दिसत नाही.' ही शाळेची परीक्षा नव्हे. इथे जो नापास होतो, त्यालाच औषध मिळतं. बिट्टीला पाचव्या वर्षी आम्ही पास केलं.