व्याह्यांच्या गावचा कावळा

जर्मनीतल्या एका खेड्याचा कावळा इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या घरात भांडण लावील असं कुणी सांगितलं असतं, तर सुप्रभाबाईंनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण लावलं खरं. सकाळच्या पहिल्या चहालाच लावलं.

त्याचं असं झालं. सुप्रभाबाईंची एकुलती एक लेक देविका. तिनं गेल्या वर्षी क्रॉयडनला हेनिंग नावाच्या जर्मन मुलाशी रजिस्टर लग्न केलं आणि तिथेच संसार मांडला. लग्नाला वडील, डॉक्टर मुरलीधर, गेले. आई गेल्या नाहीत. नुसत्या गेल्या नाहीत एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण जिभेला हाड नाही ना! “आता या घराचा उंबरा तुला परका,” असं म्हणून मोकळ्या झाल्या. देविका जन्मली-वाढली इथेच, तिचं मराठी मोडकंतोडकं. पण हे एवढं वाक्य तिला अगदी नीट कळलं. तेव्हापासून ती वडिलांना स्टेशनजवळच्या कॅफेत भेटायची. घरात तिनं पाऊल टाकलं नव्हतं.

आता हेनिंगचे आईवडील पहिल्यांदाच इंग्लंडला आले होते आणि सुनेच्या माहेरी जायचंच म्हणून हटून बसले होते. देविकानं फोन केला, तोही वडिलांना. रविवारी त्यांना जेवायला घेऊन येते म्हणाली. तू थांबणार ना, असं मुरलीधरांनी विचारलं, तर म्हणाली, बघू, मी कदाचित गाडीतच बसेन. फोन स्पीकरवर होता. सुप्रभाबाई भाजी चिरत होत्या, त्यांनी सुरी खाली ठेवली.

लेक घरात यायला हवी होती. दुसरं काही नको होतं. पण तोंडानं “चुकलं” म्हणायचं म्हणजे बाईंच्या जिवावर यायचं. काहीतरी करून दाखवायचं म्हटलं तर त्या पहाटे उठायच्या. म्हणून त्यांनी ठरवलं, व्याह्यांच्या गावची खूण दारात रांगोळीनं काढायची.

जर्मनीत म्हणे चार शेतं आणि एक चर्च एवढंच असलं तरी त्या गावाला स्वतःची ढाल असते, ढालीवर चित्र असतं आणि त्या चित्राचा झेंडा असतो. व्याही, गेरहार्ट, त्यांच्या ग्रोस-एर्लेनच्या जत्रेत झेंडा धरून सगळ्यांच्या पुढे चालायचे. त्याचा फोटो देविकानं वडिलांना कधीतरी पाठवला होता. सुप्रभाबाईंनी चष्मा लावून तो मोठा करून पाहिला. पिवळी ढाल, आणि त्यावर काळाकुट्ट कावळा.

“शी, कावळा?” त्या म्हणाल्या. “व्याही पहिल्यांदा दारात येणार आणि मी उंबऱ्यावर कावळा काढू? पिंडाला बोलावतात त्याला!”

मुरलीधरांनी चहाचा घोट घेत आठवण करून दिली की कावळा ओरडला की पाहुणे येतात, हेही तूच सांगतेस. ओरडतो तो छपरावर, उंबऱ्यावर येऊन बसत नाही, असं त्यांना उत्तर मिळालं. शिवाय शुभकार्याच्या रांगोळीत काळा रंग घालायचा म्हणजे काय? मुरलीधर म्हणाले की बाई गं, ती त्यांची खूण आहे, तुझी नक्षी नव्हे, जशी आहे तशी काढ. झालं! तुम्हाला यातलं काय कळतं, इथपासून ते तुम्ही लग्नाला एकटे गेलातच कसे, इथपर्यंत गाडी गेली. मुरलीधर पेपर घेऊन बागेत निघून गेले.

मग बाईंनी आपलंच खरं केलं. ईलिंगहून आणलेले रंग काढले, पोर्चमधल्या लाद्या पुसल्या आणि गुडघेदुखी विसरून बसल्या. पिवळी ढाल भरली. पक्षी तसाच, मान वळवलेला, एक पाय उचललेला. फक्त रंग हिरवागार. कावळ्याचा राघू झाला, कुणाचं काही बिघडलं नाही, असं त्यांचं म्हणणं. हात बसला होता, त्या भरात बाहेरून वेलबुट्टी काढली, पाकळ्या काढल्या, आणि उठून पाहतात तर पोर्च भिंतीपासून भिंतीपर्यंत भरलेला. पाय ठेवायला जागा नाही.

पाहुणे वेळेवर आले. जर्मनच ते. हेनिंगनं हात धरून आईला उतरवलं. गेरहार्ट उंच, कोट घातलेले, पोर्चपर्यंत हसत आले आणि खाली बघून थबकले. देविका त्यांच्यामागे, गाडीची किल्ली हातातच. तिनं रांगोळी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

“आई, कावळा कुठे गेली? हे त्यांचा नाहीये.”

गेरहार्टनी घसा साफ करून इंग्रजीत समजावलं. ओढ्याच्या अलीकडे ग्रोस-एर्लेन म्हणजे थोरलं, पलीकडे क्लाइन-एर्लेन म्हणजे धाकटं. पूर्वी एकाच शाळामास्तरांनी दोन्ही गावांच्या ढाली काढून दिल्या. मास्तरांना पक्षी एकच जमायचा, म्हणून मोठ्या गावाला तो काळा आणि धाकट्याला हिरवा. पुढे सरकारनं दोन्ही गावं एक केली, काळा राहिला आणि हिरवा गेला. तेव्हा हे जे दारात आहे ते पलीकडच्यांचं, आणि तेसुद्धा आता नसलेल्या गावाचं. माणूस सभ्य होता, हसूनच बोलला. पण सुप्रभाबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. करायला गेले काय आणि होऊन बसलं काय!

तेवढ्यात विहीणबाई, आल्मुट, खाली बसल्या. कोट सावरायचंही भान नव्हतं. रांगोळीला न शिवता त्या पक्ष्यावरून बोट फिरवत राहिल्या.

त्या पलीकडच्या. क्लाइन-एर्लेनच्या. शाळेत शिकलेल्या इंग्रजीत त्या थांबत थांबत सांगू लागल्या. गाव मिटलं त्याचा राग वडिलांच्या मनातून कधी गेला नाही, आणि लेकीनं लग्न केलं ते नेमकं ओढ्याअलीकडच्या मुलाशी. वडील म्हणाले, आता तुझा पक्षी काळा, इकडे यायचं नाही. घर चालत दहा मिनिटांवर. वडील वाट बघत राहिले की ती येईल, ती वाट बघत राहिली की ते बोलावतील.

“मग?” सुप्रभाबाईंनी विचारलं.

“मग ते वारले,” आल्मुट म्हणाल्या. “आणि तुम्ही हा इथे काढलात. माझ्यासाठी.”

खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी काढला नव्हता. पण सुप्रभाबाईंना ते सांगवेना. दहा मिनिटांचं अंतर, आणि बाप गेला. क्रॉयडन तरी असं कितीसं लांब होतं?

आल्मुटनी फोटो काढला आणि यावर मी पाय देणार नाही असं निक्षून सांगितलं. तेव्हा मुरलीधर सगळ्यांना बाजूच्या फाटकातून स्वयंपाकघराच्या दारानं आत घेऊन गेले. देविका गेली नाही. ती पोर्चच्या बाहेर किल्ली घट्ट धरून उभी, आणि आई आत, उंबऱ्याशी. मधे तो हिरवा पक्षी.

“देविका,” सुप्रभाबाई म्हणाल्या. “मी ते बोलले ना, उंबऱ्याचं, ते चुकलं माझं. फार चुकलं. तू आत ये.”

देविकाचे डोळे भरले होते. तिनं बाजूच्या फाटकाकडे बोट दाखवलं.

“तिकडून येऊ?”

“तिकडून पाहुणे गेले. तू इथून ये.”

“रांगोळी पुसेल, आई. आल्मुटला वाईट वाटेल.”

सुप्रभाबाई खाली वाकल्या, एक हात दाराच्या चौकटीला धरला आणि दुसरा, हिरव्या-पिवळ्या रंगांनी बरबटलेला, जमेल तितका पुढे केला.

“उडी मार,” त्या म्हणाल्या. “मी धरते.”

चौतीस वर्षांच्या देविकानं बूट काढून बाहेर ठेवले, दोन पावलं मागे सरकली आणि आईच्या हाताकडे बघत उडी मारली. दोघी धडपडत चपलांच्या रॅकवर जाऊन आदळल्या. स्वयंपाकघरातून मुरलीधरांनी काय पडलं म्हणून विचारलं, पण सुप्रभाबाईंनी उत्तर दिलं नाही, कारण त्यांनी लेकीला अजून सोडलं नव्हतं.