लोहाराची शेवटची कुस्ती

मित्रांनो, पाठीला पोक असलेला टीव्ही तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला असेल? मी तसलाच आहे. मला उचलायला दोन माणसं लागतात आणि ठेवल्यावर दोघंही कंबर धरतात. माझी काच जाड आणि थोडी फुगीर आहे. चालू असलो की तिच्यावर जग दिसतं. बंद असलो की समोरची खोली दिसते. खोलीत जे असतं तेवढंच माझ्या काचेवर पडतं, पदरचं मी काही घालत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यासाठी एवढं ध्यानात ठेवा.

कारखान्यात माझ्या पोटात तारा भरल्या, काच बसवली, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दुकानात पाठवलं. तिथून मला दोन बहिणींनी घरी आणलं. घर एका किल्लीवाल्याच्या दुकानावर होतं. खाली दिवसभर कानस चालायची आणि वर या दोघींची तोंडं.

थोरली इस्पितळात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायची. धाकटी शाळेत गणित शिकवायची. लग्न दोघींनीही केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं की थोरली म्हणायची, "एक नवरा कमी पडला असता, दोन घरात मावले नसते."

थोरलीला वेड होतं कुस्तीचं. मातीतल्या नव्हे, टीव्हीवरच्या. दोऱ्यांचं रिंगण, झगझगीत दिवे, रंगीबेरंगी कपडे घातलेले धिप्पाड गडी एकमेकांना उचलून आपटतात, ती. तिचा लाडका पहिलवान होता लोहार. अंगात चामड्याचा अंगरखा, खांद्यावर हातोडा, चेहऱ्यावर सदाचा वैताग. तो यायच्या आधी सगळे दिवे विझायचे आणि अंधारात ऐरणीवर घाव पडल्यासारखा ठण्ण आवाज घुमायचा. त्या क्षणी थोरली खुर्चीत पुढे सरकून हनुवटी मुठीवर टेकवायची.

धाकटीला हे सगळं थोतांड वाटायचं. "अगं ताई, तो मारतच नाहीये. पाय आपटून आवाज काढतोय. कोण जिंकणार तेही आधीच ठरलेलं असतं."

"ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण पडतो तो खराच ना? जमीन कुठे नाटक करते?"

"मग बघायचं कशाला?"

"इस्पितळात पडलेली माणसं मी रोज बघते. इथे पडलेला उठतो. तेवढं बघायला बसते."

मला तिचं म्हणणं पटायचं. माझं कौतुकही तीच करायची. माझी काच आपल्या पदराने पुसायची, माझ्या डोक्यावर फुलदाणी ठेवू द्यायची नाही. नव्या वाहिन्यांसाठी माझ्यावर एक डबा बसवला गेला, पुढे शेजारीपाजारी भिंतीला चिकटणारे सडपातळ टीव्ही आले. पण थोरलीने मला हलवलं नाही. "याच्यात पहिलवान जाडजूड दिसतात. त्या नव्या पापडात काय दिसणार?"

मग एक दिवस बातमी आली. लोहार शेवटची कुस्ती खेळणार होता. तो कार्यक्रम नेहमीच्या वाहिनीवर नव्हता, डब्यावर वेगळे पैसे भरून आधी नोंदवावा लागे. थोरलीने तो लगेच नोंदवला आणि लहान मुलीसारखी वाट बघू लागली.

तो दिवस तिने पाहिला नाही.

त्याच्या काही दिवस आधी, एका सकाळी ती लोहाराची एक जुनी कुस्ती पुन्हा बघत होती. तो खाली पडला होता आणि पंच आकडे मोजत होता. "ऊठ रे! ऊठ, मेल्या!" थोरली ओरडत होती. धाकटी स्वयंपाकघरात शब्दकोडं घेऊन बसली होती. थोरलीचा आवाज मध्येच तुटला. तिचा हात खुर्चीवरून खाली लोंबला. डोळे माझ्याकडेच होते, उघडे.

"आली बाई एकदाची शांतता!" आतून धाकटी म्हणाली आणि तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

मित्रांनो, मला आवाज आहे, पण तो माझा नाही. हाक मारता आली नाही. त्या उघड्या डोळ्यांसमोर मी कुस्ती दाखवत राहिलो. लोहार उठला, जिंकला, जाहिराती लागल्या, दुसरी कुस्ती सुरू झाली. धाकटीचं कोडं सुटलं तेव्हा ती बाहेर आली.

पुढचे दिवस मी बंद होतो. थोरलीची खुर्ची रिकामी होती आणि काचेत रिकामीच दिसत होती. धाकटी तिच्यासमोरून जाताना अंग चोरून जायची. कार्यक्रमाचं तिला भानही नसावं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ती थोरलीच्या साड्यांच्या घड्या करत होती आणि अचानक मी लागलो. माझ्यावरच्या डब्याला नोंदणीची आठवण असेल, ते मी समजू शकतो. पण माझं बटण कुणी दाबलं, ते मला आजही ठाऊक नाही.

धाकटी हातातली घडी तशीच घेऊन उभी राहिली. मग पुढे होऊन तिने पडदे ओढले. ऊन काचेवर येतं म्हणून थोरली नेहमी ओढायची. नंतर ती दाराजवळच्या लाकडी खुर्चीवर बसली, पाहुण्यासारखी, अगदी टोकाला.

फुटकळ कुस्त्या झाल्या. मग दिवे विझले. ठण्ण!

माझी काच काळी झाली आणि खोली तिच्यावर पडली. दाराशी धाकटी बसली होती. आणि आपल्या खुर्चीत, पुढे सरकून, हनुवटी मुठीवर टेकवून थोरली बसली होती.

धाकटीने ते पाहिलं. तिच्या मांडीवरची घडी घसरून खाली पडली. पण तिने मान वळवून खुर्चीकडे बघितलं नाही. इतक्यात उजेड झाला आणि काचेवर लोहार आला.

"ताई," धाकटी अगदी हळू म्हणाली, "हा म्हातारा झाला गं."

"म्हातारा नाही, गुडघा गेलाय त्याचा. डावा. बघ, सगळा भार उजव्यावर टाकतोय."

हे शब्द धाकटीच्याच तोंडून आले. आवाज मात्र थोरलीचा होता, जाडा आणि थोडा घोगरा. धाकटीने घाबरून तोंडावर हात ठेवला. हाताखाली ओठ हलतच राहिले. "आता तो पोरगा त्याला कमरेतून उचलेल… हनुवटी आत घे रे, हनुवटी आत, नाहीतर मान जाईल…"

समोर तसंच घडत होतं. दाढीही न फुटलेला नवा गडी लोहाराला उचलत होता.

दारावर थाप पडली. खालचा किल्लीवाला होता. "बाई, सगळं ठीक आहे ना? खाली दोघींचा आवाज येतोय."

"टीव्ही आहे," दार उघडून धाकटी म्हणाली.

"टीव्हीचा नाही हो. मोठ्या ताईंचा…" बोलता बोलता त्याची नजर थोरलीच्या खुर्चीवर गेली. तिची गादी खोल दबलेली होती, माणूस बसल्यावर दबते तशी. किल्लीवाला एक पाऊल मागे सरला. "चालू द्या तुमचं," म्हणत तो पाठमोरा न होताच जिना उतरला.

तेवढ्यात लोहार आपटला गेला. तो आवाज पाय आपटल्याचा नव्हता. सगळं प्रेक्षागार गप्प झालं. लोहार उताणा पडला होता आणि त्याचे डोळे उघडे होते. पंच गुडघ्यावर बसून मोजू लागला.

धाकटी उभी राहिली. "ऊठ," ती पुटपुटली. मग जोरात, "ऊठ!" मग सगळा जीव गळ्यात आणून ती ओरडली, "ऊठ गं! ताई, ऊठ! मी आत होते गं. मला वाटलं, तू नुसती गप्प झालीस. ऊठ!"

पंचाची मोजणी संपली. लोहार हरला. बऱ्याच वेळाने तो कोपरावर उठून बसला, पायातले बूट काढले, रिंगणाच्या मधोमध शेजारी शेजारी ठेवले आणि अनवाणी निघून गेला. दिवे एकेक करून विझले.

काच पुन्हा काळी झाली. धाकटी माझ्यासमोर रडत उभी होती. तिच्या मागे, खुर्चीत, थोरली हातांवर भार देऊन हळूहळू उठली. गुडघे दुखणारी माणसं उठतात तशी. ती धाकटीच्या पाठीशी येऊन उभी राहिली. तिचे ओठ हलले. ती काय म्हणाली ते मला कळलं नाही, कारण माझ्यातून आवाज आला नाही. धाकटीला कळलं असावं. तिने डोळे मिटून मान हलवली आणि मग पहिल्यांदाच ती मागे वळली.

खोलीत कुणी नव्हतं. पण खुर्चीची गादी आता हळूहळू वर येत होती.

मित्रांनो, या गोष्टीला बराच काळ लोटला. दुसऱ्या दिवशी धाकटीने सुताराला बोलावलं आणि स्वयंपाकघराचं दार बिजागरीसकट काढून टाकलं. ती कुस्त्या बघत नाही, पण मला विकायलाही तयार नाही. माझं चित्र आता आकसून एका रेघेएवढं झालं आहे. दुरुस्तीवाला म्हणाला, याचे भाग मिळत नाहीत, भंगारात द्या. धाकटीने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. रोज सकाळी ती माझी काच पुसते. पुसून झाल्यावर थोडा वेळ तिच्यात बघत उभी राहते. तिला काय दिसतं, ते तिचं तिला विचारा.

माझं मागणं एवढंच आहे. घरात कुणी मोठमोठ्याने टीव्ही लावत असेल, नको त्या गोष्टीसाठी आरडाओरडा करत असेल, तर खुशाल वैतागा. कानांत बोटं घाला. पण तो आवाज मध्येच थांबला, तर हातातलं काम तसंच टाका आणि आधी त्या खोलीत जा.