पहिली पळी

खुयेन पहाटे पाचलाच न्यानच्या खानावळीच्या दारात जाऊन उभी राहिली, त्याला कारण होतं. तिच्या नवऱ्याला, बिनला, जाऊन आज एकोणपन्नास दिवस झाले होते. आठ वाजता भिक्खू यायचे होते. त्याच्या आत फोटोपुढे पान ठेवायचं, आणि पानात न्यानच्या हातच्या, खेकड्याच्या रश्श्यातल्या तांबूस शेवया हव्यातच. तीस वर्षं दर रविवारी तो इथल्याच बुटक्या स्टुलावर बसून त्या ओरपायचा. "घरचा रस्सा चांगलाच," म्हणायचा, "पण न्यानचा तो न्यानचा." शेवटी दवाखान्यातही त्याने तेच मागितलं होतं, आणि डॉक्टर नको म्हणाले म्हणून खुयेनने दिलं नव्हतं. ते तिला रोज टोचत होतं.

गेलेल्या माणसापुढे उष्टं ठेवत नाहीत. ज्या पातेल्यातून दुसऱ्या कुणाला वाढून झालं, ते उष्टंच. म्हणून पहिली पळी हवी, म्हणून तर एवढी धावपळ.

न्यानची सून थाम स्टुलं मांडत होती. तिने खुयेनकडे पाहिलं, मग तिच्या छातीवर टाचलेल्या सुतकाच्या काळ्या पट्टीकडे पाहिलं, आणि हातातलं स्टूल तसंच धरून दारात आडवी उभी राहिली.

"काकू, जरा बाजूला थांबता का? एखादं गिऱ्हाईक होऊन जाऊ दे. मग लगेच देते."

"अगं, पानासाठी हवंय. बिनकाकांच्या. पहिलीच पळी लागते, तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे हो. पण भवानीलाच सुतकी माणूस आलं की दिवसभर माशा मारत बसावं लागतं. मी नाही म्हणत, सगळं हायफाँग शहर म्हणतं."

"सगळं हायफाँग जेवायला येत नाही तुझ्याकडे. आम्ही येतो. बरं, आत्ता नुसतं काढून ठेव, पैसे मागनं घे."

"पळी बुडली की भवानी झालीच की! निदान ती चिंधी तरी काढून यायचं होतंत."

खुयेनची कानशिलं तापली. चिंधी! नवरा गेला हे झाकून यायचं? चोरी केलीय का तिने? तिने चुलीपाशी उभ्या असलेल्या हिएपकडे पाहिलं. हा न्यानचा मुलगा, थामचा नवरा. लहानपणी बिनच्या मांडीवर बसून त्याच्या वाटीतला खेकडा खायचा. आता जाळ मोठा करण्याचं निमित्त करून मान वर करत नव्हता.

"दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे, काकू," तो चुलीलाच म्हणाला.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. खुयेन भिंतीला टेकली. पहिलं गिऱ्हाईक आलं की त्याच्या आधी आपलं भांडं पुढे करायचं, असं तिने ठरवलं. मागच्या अंगणातून न्यानच्या खलबत्त्याचा आवाज येत होता. एकदा वाटलं, सरळ तिला हाक मारावी. पण स्वतःच्या नवऱ्याच्या पानासाठी सासूकडे सुनेची चुगली करायची, हे तिला पटेना.

एक हेल्मेटवाला मोटरसायकलवरून न उतरताच थांबला.

"वाटी कितीला?"

"चाळीस हजार डोंग, दादा. बसा ना!"

"चाळीस? पुलापलीकडे तीसला देतात." त्याने पातेल्याकडे पाहून नाक मुरडलं आणि गाडीला किक मारली.

"बघा!" थाम किंचाळली. "झाली भवानी! सांगत होते की नाही?" अपशकुन जाळायला तिने वर्तमानपत्राचं पान टरकावलं, लायटरने पेटवलं, पुटपुटत उंबऱ्यावरून फिरवलं. आणि मग, खुयेनचा विश्वासच बसेना, तो जळता कागद तिने खुयेनच्या पायांभोवती ओवाळला. राख तिच्या चपलांवर पडली.

पन्नास वर्षं या गल्लीत काढलेल्या बाईला आज भुतासारखं हुसकत होते!

"थाम," खुयेन तडकून म्हणाली. "रस्सा कोण करतं तुमचा?"

"आई करतात."

"आणि तिचा नवरा कुठे आहे?"

थाम उरलेल्या कागदाची घडी घालायला लागली.

"विधवेने कुटलेले खेकडे चालतात. विधवेने घातलेलं मीठ चालतं. त्याचे पैसे तर फारच चालतात! मग कागद माझ्याच पायाशी का? जा ना आत, खलबत्त्यापाशी जाळ!"

"त्यांचं सुतक कधीच फिटलंय!"

"फिटायच्या आधीच ही खानावळ उघडली तिने. छातीवर हीच तुझी चिंधी होती. विचार तिला, भवानी कोणी केली!"

खलबत्ता थांबला होता. न्यान मधल्या दारात उभी होती, कोपरापर्यंत खेकड्याने माखलेली.

"बिनने केली," ती म्हणाली. "सहा दिवस गल्ली दारावरून नुसती बघत जात होती. सातव्या दिवशी तो येऊन बसला. दोन वाट्या खाल्ल्या."

तिने हात धुतले. खुयेनच्या हातातलं भांडं घेतलं, पातेल्यात पळी बुडवली आणि ते काठोकाठ भरलं. शेवया वेगळ्या बांधल्या. मग कमरेचं फडकं सोडून हिएपच्या खांद्यावर टाकलं, भांडं उचललं आणि उंबरा ओलांडून थांबली.

"थाम, कागद उरलाय ना? जाळ."

"आई, असं काय करता..."

"जाळ म्हणते ना! तिच्या पायाशी जाळलास, माझ्या पायाशी नको? तीस वर्षं तुमची भवानी माझ्याच हातची आहे."

थामच्या हातात लायटर तसाच राहिला. तोवर गोदीतली चार माणसं येऊन बसली होती, वाट्या मागत होती.

"चल खुयेन," न्यान म्हणाली. "त्याला मीच वाढते."

खुयेनचा राग निवला नव्हता. तिने चपलांवरची राखही झटकली नाही. दोघी चालायला लागल्या, तसा हिएप मागून धावत आला.

"आई, पातेलं उकळतंय! गिऱ्हाइकं आलीत! मीठमसाला कोण बघणार?"

न्यानने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"जिचा नवरा जिवंत आहे, तिने बघावं."