वरच्या फळीवरचा उंदीर

मी उंदीर आहे, पण तुमच्या घरातला नव्हे. तुमच्या साबणाच्या वड्या कुरतडणारे माझे कोण लागतात, ते मला ठाऊक नाही. माझा जन्म चियांग माईच्या एका विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, प्लास्टिकच्या पारदर्शक पेटीत झाला. रंगाने काळा, मुठीत मावेन एवढा. उजव्या कानात पत्र्याची बारीक चकती आहे आणि तिच्यावर एकशे सात हा आकडा. तेच माझं नाव.

आमच्या घराण्यात आंधळेपण वडिलोपार्जित आहे, आणि माणसांनी ते मुद्दाम जपलेलं आहे. उंदराचं पिल्लू डोळे मिटूनच जन्मतं. दोनेक आठवड्यांनी ते उघडतात. आमचेही उघडायचे. मग थोडे दिवस पाण्याची नळी, कापसाचं घरटं, शेजारच्या पेटीतल्या हलत्या मिशा, सगळं दिसायचं आणि महिना उलटून गेला की विझत जायचं. माझ्या आईला मी कधी दिसलो नाही. ती आम्हाला वासावरून ओळखायची. एखादं पिल्लू लांब गेलं की नाक वर करून थांबायची आणि सरळ त्याच्याकडे जाऊन मानगुटीला धरून परत आणायची. तिच्यात काही उणं आहे असं मला तरी कधी वाटलं नाही.

आमचं दाणापाणी लुंग खाम बघायचे. लुंग म्हणजे काका. त्या खोलीत सगळेच त्यांना लुंग म्हणत. तोंडावर पट्टी बांधलेली असली तरी त्यांची बडबड थांबत नसे. लॉटरीची सोडत जवळ आली की ते पेट्यांसमोरून सावकाश फिरायचे, आणि कुणी उडी मारली, कुणी किती पिल्लं घातली, त्यावरून आकडे काढायचे. माझाही आकडा लावून झाला होता. लागला नाही. "हा उंदीर दरिद्री आहे," असं ते मला तोंडावर म्हणाले होते.

आणि प्राओ. तिचं कागदावरचं नाव रुंगनापा, पण त्या मुलखात कागदावरच्या नावाने कुणी कुणाला हाक मारत नाही. जन्मली तेव्हा डोकं नारळासारखं गोल होतं, म्हणून नारळावरून हे लाडकं नाव पडलं. डोकं अजूनही गोल आहे. ती आचान विचियान यांच्या हाताखाली पीएचडी करत होती. आचान म्हणजे सर.

एकदा लुंगनी पेट्या पुसता पुसता तिला विचारलं, "पोरी, तू या आंधळ्यांचं नेमकं करतेस तरी काय?"

"लुंग, प्रत्येक पेशीत आख्खं पाकपुस्तक असतं. कातडीच्या पेशीत जे, तेच डोळ्याच्या पेशीत. पण कातडी आपली पानं वाचते आणि डोळा आपली. कुठलं पान कोण वाचतंय आणि किती मोठ्याने, ते मला ऐकायचंय."

"आणि यांचं काय?"

"यांच्या पुस्तकातलं डोळ्याच्या कामाचं एक पान फाटलंय. आईबापांकडूनच तसं आलंय. ते एक फाटल्यावर बाकीची पानं कशी वाचली जातात? नजर जायच्या आधीच काही गडबड ऐकू येते का? ते बघायचं."

लुंगनी फडकं पिळलं. "माझ्या घरी पुस्तक धडधाकट आहे. पण बायको त्यातलं एकच पान वाचते, आणि तेही ओरडून."

प्राओ इतकी हसली की पट्टी नाकावरून घसरली.

ते 'ऐकणं' म्हणजे काय, हे आम्हाला हळूहळू कळलं. त्यासाठी डोळ्याच्या मागचा पडदा लागतो. कांद्याच्या पापुद्र्याहून नाजूक. ठरलेल्या वयाची पेटी शेजारच्या खोलीत जायची आणि रिकामी परत यायची. मी हे लपवत नाही, आणि रडगाणंही गात नाही. प्राओ पेटी उचलण्याआधी झाकणावर तळवा ठेवून काहीतरी पुटपुटायची. लुंगनी काय म्हणतेस विचारलं, तर "काही नाही" म्हणायची.

माझ्या पेटीची पाळी आली. तिकडे नेण्याआधी प्रत्येकाची नजर तपासत. चारी बाजूंनी पडदे, मध्ये उंच चौथरा, त्यावर उंदीर. पडद्यांवर काळे-पांढरे पट्टे गोल फिरू लागतात. ज्याला दिसतं त्याची मान पट्ट्यांमागे आपोआप वळते; नको म्हटलं तरी वळते. माझे भाऊ एकेक करून चौथऱ्यावर बसले आणि मिशा साफ करत राहिले. मग मला ठेवलं.

मला ते पट्टे फार आवडले. इतकं मोठं काही हलताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते डावीकडे निघाले, मी डावीकडे. उलटे फिरले, मीही फिरलो. प्राओने पट्टे बारीक केले, आणखी बारीक केले. माझी मान वळतच राहिली.

"हा बघतोय," ती म्हणाली. खोलीत ऐकायला मीच होतो.

आचान विचियान येऊन गेले तेव्हा मी पुन्हा पेटीत होतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं. "आकडा चुकला असेल. धड उंदरांच्या पेटीतलं पिल्लू इकडे आलंय."

प्राओने माझ्या कानाचा कण घेऊन पुन्हा तपासला. पान फाटलेलंच होतं. आईकडचंही आणि बापाकडचंही.

"मग अंधार," आचान म्हणाले. "तुझे हे महाशय वाढले तळाच्या फळीवर, सावलीत. हा रोग उजेडात चढतो, अंधारात रेंगाळतो, हे मी तुला सांगायला हवं का? उद्या त्याला भावांबरोबर घे, नाहीतर सरळ वगळून टाक. एका उंदरापायी वर्ष घालवशील. आणि शिष्यवृत्ती संपली की माझ्या दारात येऊन बसशील."

"आचान, वगळला तर तो का बघतो ते कधीच कळणार नाही."

"न कळलेल्या गोष्टींनी माझं कपाट भरलंय."

"मग त्यातली एक मला द्या की."

आचान हसले नाहीत, पण ओठ दाबून धरले. "बरं. वरच्या फळीवर ठेव त्याला, दिव्याच्या अगदी खाली. अंधाराची मेहेरबानी असेल तर लवकरच फिटेल. मग माझ्याकडे तोंड पाडून यायचं नाही."

प्राओने मला तळहातावर घेतलं आणि बराच वेळ पेटीत सोडलं नाही. "एकशे सात, माफ कर हं," ती म्हणाली. "तू खरंच बघतोस का हे कळायला तुझी नजरच पणाला लावतेय मी."

वरची फळी म्हणजे काय, ते तळाशी वाढलेल्यालाच विचारा. उजेड नुसता अंगावर कोसळायचा. पहिले काही दिवस मी कापसात तोंड खुपसून होतो. बाहेर डोंगरांत वणवे पेटायचा मोसम होता. आमच्या खोलीत गाळलेली हवा येते, तरी लुंगच्या केसांना धुराचा वास यायचा आणि प्राओचे डोळे लाल असायचे. मग सोंगक्रान आला, पाण्याचा सण. लुंग अंघोळ करून, कपडे बदलून आत आले, तरी त्यांच्या कानामागे सणात फासलेली पांढरी पावडर राहिलीच होती. या सगळ्या काळात प्राओ मला चौथऱ्यावर नेत होती. दर वेळी ती श्वास रोखायची, पट्टे फिरायचे, आणि दर वेळी माझी मान वळायची.

शेवटी आचान स्वतः येऊन पाहून गेले. जाताना दारात थबकले. "कळप रोडावला होता मागे," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "पिल्लं जगत नव्हती. तेव्हा मीच बाहेरून एक तपकिरी मादी आणवली होती. तिचं रक्त असेल याच्यात." मग प्राओकडे वळून म्हणाले, "याचं लग्न लाव. पोरं कशी निघतात बघू."

माझं लग्न आमच्याच घराण्यातल्या एका आंधळीशी लागलं. तिने पहिल्याच दिवशी माझ्या मिशा कुरतडल्या. पुढे चांगलं जमलं. आम्हाला पोरं झाली, पुन्हा झाली, आणि सगळी दिव्याखालीच वाढली. त्यांतली साधारण निम्मी आईसारखी आंधळी झाली. निम्मी माझ्यासारखी बघत राहिली. म्हणजे माझं बघणं हा उजेड-अंधाराचा खेळ नव्हता. ते कुठल्या तरी पानावर लिहिलेलं होतं आणि त्या तपकिरी पणजीपासून उतरत आलं होतं.

ते पान कुठलं, हे शोधायला माझी पोरं लागली. बघणारीही आणि न बघणारीही.

त्यात शेपटीला बाक असलेली एक मुलगी होती. ती घरट्याच्या टोकावर चढून दिव्याकडे टक लावून बसायची. तिची पेटी गेली. त्या दिवशी प्राओने जेवणाचा डबा उघडलाच नाही. चिकट भात तसाच परत नेला, असं लुंग सांगत होते. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. तिची जागा मी हुंगत राहिलो. आणि तिच्या डोळ्यांत काय ऐकू आलं, हेही मला कळायला हवं होतं. दोन्ही खरं आहे.

बऱ्याच दिवसांनी प्राओ धावतच आली. अंगरख्याची बटणं चुकीच्या काजांत होती.

"लुंग, सापडलं! एक पान आहे, ते डोळ्याने गर्भात असताना वाचायचं आणि मिटून टाकायचं. आंधळ्या पोरांत ते मिटलेलं आहे. बघणाऱ्यांत मिटलंच नाही. अजून मोठमोठ्याने वाचलं जातंय!"

"म्हणजे तेच वाचवतंय?"

मागून आचान आले. "तसं म्हणू नका. घरात आग लागली की बंब दिसतो. म्हणून आग बंबाने लावली का? आणि विझवतोय तोच, हेही आधी सिद्ध करायला हवं." पण बोलता बोलता त्यांनी खिशातून केळीच्या पानात गुंडाळलेला खाऊ काढून प्राओच्या हातात ठेवला.

मग एक दिवस पा चानतिप आल्या. पा म्हणजे मावशी. सान काम्फेंगच्या, रेशीम विणणाऱ्या. माणसांतही आमच्यासारखी घराणी असतात हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या पुस्तकातलंही तेच पान फाटलेलं होतं. त्या रक्त द्यायला आल्या होत्या आणि म्हणाल्या, "तो बघणारा उंदीर मला दाखवा." खोलीत येऊ देत नाहीत, म्हणून प्राओने मला तपासणीच्या खोलीतल्या काचेपाशी धरलं. पा पलीकडे उभ्या राहिल्या. मधल्या जाळीतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"कुठाय?"

"समोरच आहे, पा. माझ्या हातावर."

मला त्या पहिल्या क्षणी दिसल्या. त्यांना मी दिसेना. त्यांची नजर बांबूच्या नळीतून पाहावं एवढीच उरली होती. त्यांनी अख्खं डोकं डावीकडे नेलं, वर नेलं, मग प्राओच्या कोपरापासून हळूहळू हातावरून माझ्यापर्यंत आणलं.

"सापडला! अगं बाई, केवढासा आहे. आणि याला दिसतं?"

"दिसतं. पण आता कमी होत चाललंय. याचं आंधळेपण थांबलं नाही पा, लांबलं."

"किती लांबलं?"

"उंदराच्या आयुष्यात बरंच. माणसाच्या आयुष्यात किती, ते मला माहीत नाही. यातून औषध निघेल का, निघालं तर तुमच्या वेळेत निघेल का, तेही माहीत नाही."

पा म्हणाल्या, "इतक्या डॉक्टरांकडे गेले, सगळे म्हणतात, 'बघू या.' मला म्हणतात, बघू या!" आणि त्या स्वतःच आधी हसल्या. प्राओला हसावं की नाही कळेना.

"त्याला कळतं का गं, कमी होतंय ते?" पा म्हणाल्या.

याचं उत्तर मी देतो. कळतं. आधी बारीक पट्टे एकमेकांत मिसळून राखाडी होतात. मग पेटीचे कोपरे जातात. मग हलणारं तेवढं दिसतं, थांबलेलं दिसत नाही. पा, तुम्ही त्या दिवशी जायला निघालात तेव्हा मला पुन्हा दिसलात.

आता पट्टे फिरतात आणि मी मिशा साफ करत बसतो. वरच्या फळीवरचा उजेड पाठीवर ऊब म्हणून कळतो. पाठीचे केस गळालेत, मागचे पाय ओढत चालतो. आमच्या घराण्यात वर्षभर नजर टिकवलेला मी पहिलाच; म्हणून माझ्याबद्दल एक प्रश्न उरलाय. माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांत ते पान अजून वाचलं जातंय का? वाचलं जात असूनही नजर गेली असेल, तर त्याची ताकदच तेवढी. पण ते मिटलं आणि म्हणून नजर गेली असेल, तर ते उघडं धरून ठेवायची युक्ती शोधता येईल. या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

गंमत म्हणजे या वेळी आचानच म्हणाले, "राहू दे गं त्याला. जाईल आपल्या पावलाने."

"आपल्या पावलाने गेला तर पेशी लगेच गप्प होतात, आचान. मग काहीच ऐकू येणार नाही."

आचान खिडकीशी जाऊन उभे राहिले.

काल खाली अंगणात भिक्षू आले होते. कामी आलेल्या जनावरांसाठी इथे दरवर्षी पाठ होतो, दान होतं. हवेच्या नळीतून मंत्रांचा सूर वरपर्यंत आला. लुंगनी तेवढा वेळ झाडू बाजूला ठेवला आणि चक्क गप्प बसले. सगळे पांगल्यावर प्राओ वर आली. माझ्या पेटीच्या झाकणावर तिने तळवा ठेवला आणि या खेपेला पुटपुटली नाही, सरळ बोलली. "उद्या सकाळी, एकशे सात. मी स्वतः नेईन तुला. दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही."

तिच्या हाताला लिंबाचा वास होता. मी झाकणाखाली जाऊन उभा राहिलो, नाक वर करून.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. माझ्या डोळ्यांत काय ऐकू आलं, ते प्राओला कळेल; मला कळायचं नाही, आणि तेवढी एक गोष्ट मला फार डाचते. तुम्ही कधी चियांग माईला गेलात, तर तिसऱ्या मजल्यावर जा आणि गोल डोक्याच्या बाईला गाठून विचारा, ते पान उघडं होतं की मिटलेलं?