मांगेरामच्या अकरा रेघा

हरियाणात कर्नालजवळच्या एका गावात मांगेराम चौधरीची नांगरट बघायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून येत. पाचदा उलथलेली माती चुरम्यासारखी भुसभुशीत आणि रेघ अशी सरळ, की दोरीने मान खाली घालावी. असल्या माणसाने गेल्या सालापासून नांगराला हात लावला नव्हता. संशोधन केंद्राच्या नीलिमा मॅडमनी त्याला समजावलं होतं, "ताऊ, माती उलथली की तिच्यातला कार्बन वायू होऊन उडतो, हवा तापते. तीन वर्षं न नांगरता पेरा, आम्ही मोजतो." मांगेरामने जबान दिली. आता भाताच्या खुंटांतच गहू पेरला होता आणि मातीतून निघणारा वायू मोजायला शेतात मॅडमच्या झाकणाच्या चार पेट्या बसल्या होत्या.

"मांगे, शेताची दाढी कधी करणार?" हुक्क्याभोवतीची मंडळी रोज विचारत.

हा टोमणा गिळता आला असता. पण रविवारी त्याच्या मुलाला, जोगिंदरला बघायला मुलीकडचे येणार होते. जोगिंदरने कविताला कबड्डीच्या मैदानावर पाहिलं होतं आणि तेव्हापासून पोराचं जेवणात लक्ष नव्हतं. तिचा बाप सूरजभान आधी जमीन बघे, मग मुलगा. दोन स्थळं त्याने बांधावरूनच परत पाठवली होती.

"हे खुंट बघून तो म्हणेल, बाप आळशी, पोरगा महाआळशी," मांगेराम कुरकुरला.

"जबान दिलीय ना?" त्याची बायको अंगूरी म्हणाली. "मग गप लस्सी प्या."

शनिवारी दुपारी बायको दळण आणायला गेली आणि मांगेरामने ट्रॅक्टर काढला. रस्त्यालगतचा एकच पट्टा, दाखवण्यापुरता. त्या पट्ट्यातली पेटी त्याने उचलली, नांगर फिरवला आणि पेटी होती तिथे ठेवली. कितीतरी महिन्यांनी त्याला भूक लागल्यासारखी भूक लागली.

रविवारी सूरजभान बांधावर येतो न येतो तोच मॅडमही यंत्र घेऊन हजर. त्यांना सुट्टी कशाशी खातात ते माहीत नव्हतं. रस्त्याकडच्या पेटीला यंत्र लावताच आकडा भराभर चढला.

"ताऊ, बाकीच्या पेट्यांच्या तिप्पट! इथे नांगर कुणी घातला?"

"म्हैस घुसली होती."

"म्हैस? अकरा रेघा ओढून गेली?"

"गुणाची आहे."

सूरजभान रेघांपाशी आला. तो खाली बघत म्हणाला, "म्हैसच असणार. इतकी वाकडी रेघ माणूस ओढत नाही."

अंगूरीने डोळे मिटून घेतले.

"वाकडी?" मांगेरामचा आवाज फाटला. "जोग्या, दोरी आण! एक रेघ बोटभर ढळली असेल तर मिशी उतरवीन! चाळीस वर्षं नांगर मी धरलाय, म्हशीने नाही!"

मग त्याचं त्यालाच कळलं. मॅडमनी यंत्र बंद केलं. जोगिंदरचा चेहरा पार उतरला.

"तीन वर्षं न नांगरायची जबान मोडली, बेटी," मांगेराम मॅडमना म्हणाला. "पोराच्या लग्नापायी मोडली. लाज वाटते मला."

सूरजभान उकिडवा बसला. एक डोळा मिटून त्याने रेघ न्याहाळली.

"सरळ आहे. आल्या आल्याच दिसलं मला. चौधरी, एवढंसं खोटं तुला निभावता येत नाही. तुझ्या घरी माझ्या पोरीला भीती नाही." त्याने जोगिंदरच्या हातावर शगुनाचा रुपया ठेवला. "अट एकच. तुझा नांगर तीन वर्षं माझ्याकडे राहील. मोह डोळ्यांसमोर नको."

नांगर पोचवून परतताना मांगेरामने लेक सासरी धाडल्यासारखे डोळे पुसले.

वैशाखात वरात सूरजभानच्या दारी पोचली. मिलनीसाठी दोन्ही बापांनी गळाभेट घ्यायची, तर नवऱ्या मुलाचा बाप गायब! शोधत शोधत सगळे मागच्या शेतात गेले. गहू निघालेल्या रानात, डोक्यावर गुलाबी फेटा बांधून, मांगेराम व्याह्याच्या ट्रॅक्टरवर बसला होता. मागे त्याचाच नांगर. सातवी रेघ चालू होती.

"अहो, जबान!" अंगूरी ओरडली.

"ती माझ्या शेताची दिलीय," मान न वळवता मांगेराम म्हणाला. "व्याह्याच्या शेताची कुणी दिलीय?"

नीलिमा मॅडमनी आहेराचं पाकीट अंगूरीच्या हातात दिलं आणि त्या गाडीतून पेटी काढायला गेल्या.