लाख नामांच्या वह्या

शामलाला लिहायला वेळ हवा होता, आणि इतवारीतल्या त्या घरात वेळ सोडून सगळं मिळत होतं. नऊ माणसं, त्यात चार पोरं. दुपारी ती कागद घेऊन बसली की कुणाला तरी भूक लागायचीच. शिवाय सासू, जिजाबाई, विचारायची, "काय लिहून राहिली वं? माहेरले गाऱ्हाणं का?" आता गोष्ट लिहितेय म्हणून सांगायचं? छे! साऱ्या गल्लीत हसं झालं असतं.

एकाहत्तरच्या आषाढी एकादशीला तिला युक्ती सुचली. चातुर्मासात बाया नेम धरतात. कुणी वांगं सोडतं, कुणी मीठ. शामलानं सांगून टाकलं, रोज दुपारी देवघरात बसून रामनाम लिहीन, लाख वेळा.

झालं! घर सुतासारखं सरळ. दोन ते तीन तिला कुणी हाक मारली तर शपथ. पोरं दाराशी आली की जिजाबाईच हाकलायची, "पळा बे, माय नाम लिहून राहिली!" आणि ही बया आत बसून नरखेडकडच्या एका विधवेची कादंबरी लिहीत होती. वह्या देवामागं, सोवळ्यात. देवाच्या वस्तूला हात लावायची कुणाची टाप होती? पाप वाटायचं तिला, नाही असं नाही. पण सुख जास्त वाटायचं. चार महिन्यांत चार वह्या भरल्या.

कार्तिक लागला आणि जिजाबाईनं उद्यापन काढलं. "रामटेकले जाऊ. वह्या अंबाळ्याच्या तळ्यात सोडू."

शामला घाईनं म्हणाली, "आत्याबाई, घरीच ठेवल्या तर?"

"घरी काहून? लिहिलेलं नाम का रद्दीत जाऊ द्याचं? आन् हा नेम आता जन्मभर चालव. तुले कोणी उठवणार नाही, मी बसली आहो ना दाराशी."

नवरा, महादेवराव, म्हणाला, "माय म्हणते तसं कर."

तीन दिवस भाकरी थापता थापता ती हेच घोळवत राहिली. खरं बोलावं तर वह्या वाचतील, पण तो तास जाईल. मग लेखणी घेऊन कोण बसू देतंय! लिहिलेलं पुन्हा लिहिता येईल, तास पुन्हा मिळायचा नाही. तिनं स्वतःच वह्या लाल फडक्यात बांधल्या.

त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकच्या तळ्यात गाठोडं सोडलं. थोडं तरंगलं, मग बुडालं. सगळ्यांनी हात जोडले, तिनंही जोडले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. एस्टीत तिनं पोरांना मुरमुरे वाटले.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता जिजाबाईनं नवी कोरी वही आणून दिली आणि दार लोटून बाहेर बसली. शामलानं ती विधवा आठवून पाहिली. नाव आठवलं, गाव आठवलं. एक वाक्य आठवेना. नवंही सुचेना. आत कसं सगळं बधिर झालेलं. बराच वेळ ती कोऱ्या पानाकडे पाहत राहिली. मग हात रिकामा कशाला ठेवायचा म्हणून तिनं लिहिलं, श्रीराम. त्याखाली पुन्हा श्रीराम.

तीनला ती उठली तेव्हा दोन पानं भरली होती. वही तिनं तशीच उघडी ठेवली. लपवण्यासारखं आता त्यात काही नव्हतं.