बांडीच्या गळ्यातली गाठ

पारावर बसून निवाडा देणाऱ्या मोठ्या माणसांनो, तुम्ही खोटा निवाडा दिला. सत्यशीलाने भर बाजारात नवऱ्याची इज्जत घालवली, तिने माफी मागावी आणि शेळी त्याच्या हवाली करावी, असं तुम्ही सांगितलं. तुमच्यातला एकही जण त्या दिवशी बाजारात नव्हता. मी होते. मला कुणी विचारलं नाही, कारण मी एक जुनी दोरी आहे. शेळीच्या गळ्यातलं दावं.

म्हणून मित्रांनो, मी तुम्हालाच सांगते. तुम्ही अजून पारावर बसायच्या वयाचे नाही, म्हणजे ऐकून घ्याल.

माझा जन्म शिरड शहापूरचा. सत्यशीलाची आई चंद्रभागाबाई शेळ्या-मेंढ्यांमागे फिरायच्या आणि चालता चालता टकळीवर शेळीचे केस कातायच्या. त्या केसांत अंबाडीचा पदर घालून त्यांनी मला वळलं. लेकीचं लग्न झालं तेव्हा आंदण म्हणून एक शेळीचं पिल्लू दिलं. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणून नाव बांडी. तिच्या गळ्यात मला बांधताना त्या लेकीला म्हणाल्या, "बघून घे गं. ही गाठ वढली का आवळती. सोडायची आसंल तर आधी जनावराजवळ जावं लागतं."

सासर आखाडा बाळापूरजवळच्या एका वस्तीवर. नवरा मुंजाजी. तो दारू पीत नाही, हात उगारत नाही. तुमच्या हिशेबात देवमाणूस. पण मित्रांनो, मी गोठ्याच्या खुंट्यावरून सगळं बघत होते. भाजीत मीठ किती ते तो ठरवणार. लुगडं कोणतं नेसायचं ते तो ठरवणार. शेजारणीशी ती हसली तर, "काहून हसून राहिली?" उत्तर दिलं तर बोलली काहून, नाही दिलं तर गप काहून. त्याने तिला फोन घेऊन दिला, पण त्यात नंबर एकच ठेवला. त्याचा.

बांडीला चारायला ती बांधावर न्यायची तेव्हा मी तिच्या मुठीत असायचे. तिथे ती बांडीशी बोलायची, मुंजाजीची नक्कल करायची आणि पोट धरून हसायची. मला नवल वाटायचं. घरात एवढं दाबून टाकलेलं हसू या बाईकडे कुठे शिल्लक राहतं? बांडीनं कितीही हिसका दिला तरी माझे पीळ तेवढ्यापुरते ताणतात. हिला तर उठल्यापासून निजेपर्यंत ताण, आणि तरी ती तुटत नव्हती. माझ्यापेक्षा चिवट काही असतं, हे मी तिथे शिकले.

मग चंद्रभागाबाई पाय घसरून पडल्या. निरोप आला तेव्हा मुंजाजी शेतात होता. सत्यशीला न विचारता शिरडला गेली आणि दिवेलागणीला परतही आली. तो ओरडला नाही. त्याने बोलणंच बंद केलं. तिने वाढलेलं ताट बाजूला सारायचा आणि स्वतःच्या आईच्या, अनुसयाबाईच्या हातून दुसरं मागायचा. बाजाराच्या दिवशी बांडीला खुंट्यावरून सोडलं आणि जाताना म्हणाला, "आता बघू कोन कोनाला न इचारता काय करतं."

आमच्याकडची रीत सांगते. जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. सौदा ठरला की धनी आपल्या हाताने गाठ सोडतो आणि दावं घरी आणतो. ते गेलं तर गोठ्याची बरकत गेली. आणि दावं कापतात ते फक्त मेलेल्या जनावराचं.

बाजारात जळबा नावाच्या म्हाताऱ्या गिऱ्हाईकाशी सौदा ठरला.

"सोडा दावं," जळबा म्हणाला.

मुंजाजीने मला ओढलं. मी आवळले. त्याने आणखी ओढलं. बांडीचे डोळे पांढरे व्हायला लागले.

"पावनं, शेळी तुमचीच हाय ना?"

"बायकोची हाय. म्हंजी माझीच."

"मंग तुमची गाठ तुमाला सुटंना काहून?"

आजूबाजूचे हसले. मुंजाजीने खिशातून पान कापायची सुरी काढली. जळबाने त्याचा हात धरला. "कापलं तर मी घेत न्हाई बापा. माझ्या घरी लेकरंबाळं हायेत. जिची हाय तिला बलवा."

बघा मित्रांनो. इतकी वर्षं एक शेळी दारात होती, आणि या माणसाने तिच्या गळ्यातल्या गाठीला कधी हात लावला नव्हता. त्याने फोन लावला. "बाजारात ये. गाठ सोडून दे."

ती काळीपिवळी जीपमधून आली. हाताला पीठ तसंच होतं. मला मुंजाजीच्या हातातून घेऊन बांडीजवळ गेली, एक पाऊल पुढे, आणि मी आपोआप सैल झाले. बांडीने श्वास घेतला. मला वाटलं, संपलं. आता मी मुंजाजीच्या खांद्यावरून एकटीच घरी जाणार.

पण तिची बोटं गाठीवर थांबली.

"सोड ना. काय बघून राहिली?"

"तुमाला बघून राहिले. बांडीचा गळा आवळला तरी वढूनच राहिले तुमी."

"घरी चल, मंग सांगतो."

"घरीच चालले, बांडीला घिऊन. आईनं मला दिली. मी सोडणार न्हाई."

जळबाने मुंजाजीकडे बघितलंच नाही. तिला विचारलं, "बाई, सौदा मोडला म्हनून समजू?"

"व्हय मामा. मोडला."

बांडी जीव खाऊन ओढते ते बळ मला ठाऊक आहे, त्याने माझे पीळ करकरतात. हे बळ निराळं होतं. त्याला आवाज नव्हता. मला धरलेला हात मागे येत नव्हता. एवढ्या मोठ्या बाजारात मी एका बाईच्या मुठीत होते, आणि मला आभाळाला धरल्यासारखं वाटत होतं.

घरी येऊन तिने भाकरी टाकल्या. सासूला म्हणाली, "आत्याबाई, आईकडं जायाचं झालं तर सांगून जाईन. इचारून न्हाई." अनुसयाबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग हळूच म्हणाल्या, "मला तं सांगूनबी जाता आलं न्हाई कधी."

मुंजाजी तुमच्याकडे आला, मोठ्या माणसांनो. तुम्ही तिला पाराखाली उभं केलं. "पितो का? मारतो का?" ती न्हाई म्हणाली. "मंग तकलीफ काय?" असं म्हणून तुम्ही निवाडा देऊन मोकळे झालात. तेव्हा तिने एकच सवाल केला: "माझ्या घरात माझ्या मर्जीनं व्हती आशी एक गोष्ट दाखवा. मंग मागते माफी." तुम्हाला अचानक दूध काढायची वेळ आठवली. धोतर झटकून उठलात.

मित्रांनो, तुमच्या दारात जनावर असेल तर त्याच्या दाव्याखाली दोन बोटं जातात का ते आज बघा. आणि मोठे होऊन संसार मांडाल तेव्हा घरातल्या माणसाच्या गळ्याशीही तेवढी जागा ठेवा. मी बांधण्यासाठीच जन्मलेली वस्तू आहे. मला कळतं ते माणसाला कळायला जड का जावं?

आणि मोठ्या माणसांनो, तुमची दुधं काढून झाली असतील. सत्यशीलाने माफी मागितलेली नाही, आणि तिचा सवाल पारावर तसाच पडला आहे. तिच्या मर्जीची एक गोष्ट दाखवा, नाहीतर निवाडा मागे घ्या. दोन्हीतलं काय करता? बोला.